शुद्धिपत्राचे अर्थशास्त्र

२००७ सालच्या प्रारंभी ब्रूस मॉमजियन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एका प्रचंड तांत्रिक ग्रंथातील तीन सहायक क्रियापदे तपासून दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. ‘मे’, ‘कॅन’ आणि ‘माइट’ ही ती इंग्रजी क्रियापदे. पहिले परवानगी दर्शवते, दुसरे सामर्थ्य आणि तिसरे निव्वळ शक्यता. शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकाने फळ्यावर लिहून द्यावा असा हा भेद. परंतु बोलण्याच्या ओघात तो पुसट होतो आणि मग लिहिण्यातही तसाच पुसट उतरतो. एखादी आज्ञा दिल्यास यंत्र बंद ‘पडू शकते’ असे लिहिले, तर तो धोक्याचा इशारा आहे, यंत्राच्या अंगच्या गुणाचे वर्णन आहे, की वाचकाला दिलेली मुभा आहे? वाचकाला हा प्रश्न पडू नये, एवढाच त्या दुरुस्तीचा हेतू होता. मॉमजियन हे शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर पदवीधर आणि एके काळी हायस्कूलमध्ये संगणक शिकवणारे शिक्षक, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. त्यांनी केलेले हे काम प्रोग्रॅम लिहिण्याचे नव्हते. वह्या तपासण्याचे होते.

ज्या ग्रंथाच्या वह्या अशा तपासल्या गेल्या तो ‘पोस्टग्रेसक्यूएल’ नावाच्या डेटाबेस प्रणालीचा माहितीग्रंथ. डेटाबेस म्हणजे संगणकाची खतावणी असे स्थूलमानाने म्हणता येईल. बँकेतील खाती, विद्यार्थ्यांचे गुण, दुकानातील मालसाठा, रुग्णांच्या नोंदी हे सारे आज अशाच खतावण्यांत राहते, आणि एकाच वेळी शेकडो माणसे त्यांत लिहीत-वाचत असताना हिशेबात गोंधळ होऊ न देणे हे या प्रणालीचे मुख्य काम. मायकेल स्टोनब्रेकर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात १९८६ साली ‘पोस्टग्रेस’ नावाने हा प्रकल्प सुरू केला. पुढे अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी तिला ‘एसक्यूएल’ ही प्रश्नभाषा जोडली आणि १९९६ साली तिला आजचे नाव मिळाले. तिचा कोणी एक मालक नाही. ती कोणीही विनामूल्य घ्यावी, बदलावी, विकावीसुद्धा, अशी परवान्यातच तरतूद आहे. आणि विशेष असे की, सुमारे तीन हजार पानांच्या घरात जाणारा तिचा माहितीग्रंथही त्याच परवान्याखाली आणि त्याच भांडारात प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवलेला असतो. ‘मायएसक्यूएल’ या दुसऱ्या प्रसिद्ध प्रणालीची स्थिती वेगळी आहे. ती प्रणाली मुक्त परवान्याखाली मिळते, परंतु तिच्या अधिकृत माहितीग्रंथाचे हक्क ओरॅकल कंपनीने स्वतःकडे राखून ठेवले आहेत. तेथील चूक कंपनीने सुधारावी. पोस्टग्रेसच्या ग्रंथातील चूक मात्र ज्याला दिसेल त्याने सुधारावी.

ज्याला दिसेल त्याने! अर्थशास्त्राचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूंचे जे विवेचन केले त्यातील लक्षणे या ग्रंथाला तंतोतंत लागू पडतात. एकाने वाचल्याने तो दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि कोणालाही वाचण्यापासून रोखता येत नाही. अशा वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च मात्र एखाद्यालाच, असे झाले की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो, हे मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली दाखवून दिले. एक संदिग्ध वाक्य दुरुस्त करायला एका माणसाची एक संध्याकाळ जाते. ते वाक्य तसेच राहिले तर हजारो वाचकांची दहा-दहा मिनिटे जातात; पण ती दहा मिनिटे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत.

प्रोग्रॅममधील दोष आणि ग्रंथातील दोष यांत आणखी एक अंतर आहे, आणि ते अधिक बोचणारे आहे. प्रोग्रॅम बिघडला की तो बोंब मारतो. लोक तक्रार करतात, कोणीतरी धावते. ग्रंथातील वाक्य बिघडले तर वाचक स्वतःलाच दोष देतो. आपल्यालाच समजले नाही, आपलेच इंग्रजी कच्चे, आपलीच बुद्धी तोकडी, असे समजून तो ते पान पुन्हा वाचतो आणि अखेर शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला विचारतो. तक्रार कोठेच नोंदली जात नाही. गिटहब या संस्थेने २०१७ साली मुक्तस्रोत क्षेत्रातील लोकांची जी पाहणी केली तीत ९३ टक्के लोकांनी अपुरी किंवा कालबाह्य माहितीपत्रके ही व्यापक अडचण असल्याचे सांगितले. आणि प्रत्यक्ष हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण अशा लेखनाला क्वचितच हात लावतो किंवा कधीच लावत नाही, असेही कबूल केले. त्याच पाहणीनुसार या समाजातील जवळजवळ चौथा हिस्सा असा आहे की ज्याला इंग्रजीचे वाचन-लेखन उत्तम येते असे तो स्वतः म्हणत नाही. म्हणजे संदिग्ध वाक्याचा दंड सर्वांना सारखा बसत नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते अडखळून पुढे जातात. बाकीचे तेथेच थांबतात.

एका मौनाची कथा

शब्दांच्या या किरकोळ बाबींना इतके महत्त्व कशाला, अशी शंका एखाद्याला येईल. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या सेवेत जे घडले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. कंपनीचा मुख्य डेटाबेस पोस्टग्रेसवर चालत होता आणि त्याची एक जिवंत प्रत दुसऱ्या यंत्रावर राखली जात होती. त्या दिवशी ताण वाढल्याने प्रत मागे पडली आणि ती नव्याने तयार करण्याची वेळ आली. त्यासाठी जे अवजार आहे ते अभियंत्यांनी चालवले. अवजार सुरू झाले आणि गप्प बसले. पडद्यावर काहीच उमटेना. वस्तुतः ते मुख्य यंत्राकडून माहिती येण्याची वाट पाहत होते आणि त्याची ती वाट पाहणे अगदी नियमाला धरून होते. परंतु समोरच्या माणसांना ते अडकल्यासारखे वाटले. वारंवार प्रयत्न झाले. आधीच्या फसलेल्या प्रयत्नांचे अवशेष आड येत असावेत असे समजून रात्री उशिरा एका अभियंत्याने प्रतीच्या यंत्रावरील माहितीचा कप्पा पुसून टाकण्याची आज्ञा दिली. दुर्दैवाने ती आज्ञा मुख्य यंत्रावर गेली. एक-दोन सेकंदांतच चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती.

पुढे जे उघड झाले ते अधिक क्लेशकारक होते. नेहमीची राखीव प्रत घेणारे अवजार प्रणालीच्या जुन्या आवृत्तीचे असल्याने ती प्रत निघतच नव्हती, आणि ते सांगणारे टपालसंदेश वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने दुसऱ्याच कारणासाठी एक प्रत काढून ठेवली होती. तिच्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या. सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच टिपण्या आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ लागली. कंपनीने सारा प्रकार स्वतः होऊन जगापुढे मांडला, हे तिच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. तिच्याच अहवालात एक लहानसे वाक्य आहे. हे अवजार सुरुवातीला मुकाट्याने थांबते ही गोष्ट कंपनीच्या अंतर्गत सूचनांत नव्हती, आणि पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीग्रंथातही स्पष्ट केलेली नव्हती, असे ते वाक्य सांगते.

या एका उणिवेमुळे सारे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. थकवा, घाई, न तपासलेल्या राखीव प्रती अशी अनेक कारणे त्यात होती. तथापि, त्या रात्री अभियंत्यांसमोर दोनच ओळी असत्या, तर पुसण्याच्या आज्ञेपर्यंत प्रकरण कदाचित गेले नसते. आज त्या अवजाराच्या पानावर अशी टीप आहे की, आरंभी मुख्य यंत्राला आपल्या नोंदी चकतीवर पक्क्या कराव्या लागतात, त्याला वेळ लागू शकतो आणि तेवढा काळ अवजार स्वस्थ बसल्यासारखे दिसेल. ज्याला त्या पानाची कधी गरज पडली नाही त्याला ही टीप अनावश्यक पाल्हाळ वाटेल.

खुणा कोणासाठी?

शब्दांबरोबरच या ग्रंथात खुणांचेही एक शास्त्र आहे. छापखान्यात हस्तलिखिताच्या समासात ‘हे ठळक’, ‘हे तिरपे’, ‘येथे परिच्छेद’ अशा खुणा करून ते जुळाऱ्याकडे देण्याची पद्धत होती. संगणकाच्या जगाने ती उचलली आणि पुढे नेली. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘एसजीएमएल’ या पद्धतीत महत्त्वाची कल्पना ही की, मजकूर कसा दिसावा हे न लिहिता तो काय आहे हे लिहावे. त्याच पद्धतीवर १९९१ पासून ‘डॉकबुक’ नावाची, तांत्रिक ग्रंथांसाठी खास खुणांची योजना विकसित झाली आणि पोस्टग्रेसचा ग्रंथ तीच वापरतो. आज्ञेला वेगळी खूण, फाइलच्या नावाला वेगळी, जसेच्या तसे टंकायच्या अक्षरांना वेगळी, आणि वाचकाने स्वतःचे घालून भरायच्या शब्दाला वेगळी.

या शेवटच्या दोन खुणांतील फरक कचेरीत काम करणाऱ्याला लगेच पटेल. अर्जाच्या छापील नमुन्यात ‘येथे अर्जदाराचे नाव लिहावे’ ही सूचना इतर मजकुराच्याच टायपात छापली, तर दहांतील एखादा अर्जदार ती सूचनाच नक्कल करून आणतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. नमुना करणाऱ्याने खूण चुकवलेली असते. माहितीग्रंथातही ‘टेबलाचे नाव’ हा शब्द भरायच्या जागेचा आहे की आज्ञेचाच भाग आहे, हे नवशिक्याला केवळ तिरप्या अक्षरांवरून कळते. खूण चुकली की अक्षरे सरळ होतात, आणि नवशिक्या तेच शब्द यंत्राला देतो.

संदर्भांचेही तसेच. ‘एकोणिसावे प्रकरण पाहावे’ असे हाताने लिहिले आणि पुढच्या वर्षी मध्ये एक नवे प्रकरण आले, की तो संदर्भ खोटा ठरतो. त्याऐवजी प्रकरणाच्या ओळखनामाकडे बोट दाखवणारी खूण घातली तर क्रमांक आपोआप बसतो. आणि ते प्रकरणच नाहीसे झाले असेल तर ग्रंथ तयार होतानाच यंत्र अडून बसते. या प्रणालीची मोठी आवृत्ती साधारणपणे दर वर्षी निघत असल्याने ही सोय चैनीची नव्हे. २०१७ साली या ग्रंथाच्या खुणा एसजीएमएलमधून तिच्या काटेकोर भावंडात, म्हणजे ‘एक्सएमएल’मध्ये नेण्यात आल्या. जुन्या पद्धतीत ‘जी खूण उघडी असेल ती बंद करा’ असे आळशी चिन्ह चालत असे. नव्या पद्धतीत प्रत्येक खूण नावानिशी बंद करावी लागते. ग्रंथभर पसरलेल्या अशा खुणा एकेक करून पुऱ्या झाल्या. वाचकाला त्यातले काहीही दिसले नाही. फाइलींच्या नावाचे शेपूट मात्र जुनेच राहिले. सरकारी खात्याचे नाव बदलले तरी दारावरची पाटी तीच राहते, तसाच हा प्रकार.

आता शब्दांकडे पुन्हा वळायचे तर ‘क्लस्टर’ या एकाच शब्दाचे उदाहरण पुरेसे आहे. संगणकाच्या जगात इतरत्र त्याचा अर्थ एकत्र काम करणारी अनेक यंत्रे असा होतो. पोस्टग्रेसमध्ये एका सर्व्हरच्या ताब्यातील डेटाबेसांचा समूह, मग यंत्र एकच का असेना, म्हणजे ‘क्लस्टर’. शिवाय याच नावाची एक आज्ञाही आहे, जी टेबलातील नोंदी एखाद्या निर्देशांकाच्या क्रमाने लावते. तीन अर्थ, एक शब्द. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘भांडवल’ या शब्दापायी जेवढा घाम गाळला असेल तेवढाच येथे नवागताला गाळावा लागतो. अशी पारिभाषिक नावे एकत्र समजावणारा शब्दार्थकोश या ग्रंथाला २०२० साली, तेराव्या आवृत्तीत जोडला गेला. प्रकल्पाने हे नाव धारण केल्याला तोवर चोवीस वर्षे झाली होती.

उलट, चोखपणाची उदाहरणेही आहेत आणि ती मराठी माणसाला विशेष आवडावीत. यंत्राने दाखवायच्या त्रुटीसंदेशांसाठी या ग्रंथातच लेखननियमांचे एक प्रकरण आहे. प्रयत्न फसला पण पुन्हा केल्यास साधेल, अशा वेळी भूतकाळ वापरावा. गोष्ट कायमचीच अशक्य असेल तर वर्तमानकाळ, असा त्यातील एक नियम आहे. मराठीत हे किती सहज येते पाहा. ‘फाइल उघडता आली नाही’ म्हटले की माणूस पुन्हा प्रयत्न करतो. ‘फाइल उघडता येत नाही’ म्हटले की तो नाद सोडतो. मात्र मराठीचे ‘शकणे’ हे क्रियापद सामर्थ्य आणि शक्यता या दोन्हींचे ओझे एकट्याने वाहते. ‘तो धावू शकतो’ आणि ‘पाऊस पडू शकतो’ ही वाक्ये एकाच साच्यातून निघतात. मॉमजियन यांच्या तीन क्रियापदांचे भाषांतर करणाऱ्या मराठी माणसाला ‘संभव आहे’ आणि ‘मुभा आहे’ यांचा आश्रय घ्यावा लागेल.

सुधारणा म्हणजे नेहमी भर घालणे असेही नव्हे. या प्रणालीतील ‘हॅश’ जातीच्या निर्देशांकांबाबत ग्रंथात अनेक वर्षे ताकीद होती की, यंत्र अचानक बंद पडल्यास ते भरवशाचे राहत नाहीत, सबब वापरू नयेत. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ती उणीव प्रोग्रॅममध्येच दूर झाली आणि ताकीद काढून टाकावी लागली. खोटी ठरलेली ताकीद काढणे हे नवी ताकीद लिहिण्याइतकेच गरजेचे असते. लोक ते विसरतात, कारण जुनी सूचना कोणाला टोचत नाही.

अशा दुरुस्त्यांचा अतिरेक होतो, अशी या क्षेत्रातील जुन्या जाणत्यांची तक्रार असते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. भांडारात प्रत्यक्ष बदल करण्याचा अधिकार मोजक्या लोकांनाच आहे. स्वल्पविराम हलवण्याचे प्रस्ताव रोज आले तर त्यांचा वेळ त्यात जातो आणि गंभीर दोष मागे पडतात. शिवाय या ग्रंथाची जपानी, फ्रेंच आणि रशियन भाषांतरे होतात. इंग्रजीतील वाक्य उगाच फिरवले की त्या भाषांतरकारांना ते पान पुन्हा उघडावे लागते. शैली म्हणून केलेला बदल आणि अर्थ म्हणून केलेला बदल यांत भेद केलाच पाहिजे. परंतु हा भेद करण्याचे काम जाणत्यांवरच सोडले तर एक अडचण आहे. ज्याला विषय पूर्ण ठाऊक आहे त्याला गाळलेली पायरी दिसतच नाही. तो ती नकळत ओलांडतो. ती दिसते अडखळलेल्या नवशिक्याला, आणि तीही पहिल्या आठवड्यातच. दुसऱ्या महिन्यात तोही जाणता होतो. म्हणून नवशिक्याने नेमके कोठे अडले ते सांगावे आणि जाणत्याने वाक्य लिहावे, ही वाटणी सर्वांत कमी खर्चाची ठरते.

एलिनॉर ऑस्ट्रम यांनी नेपाळातील शेतकऱ्यांनी स्वतः राखलेल्या पाटांचा अभ्यास करून, मालक नसलेली सामाईक मालमत्ता उजाड होतेच असे नाही, हे सप्रमाण दाखवले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाट टिकतो तो गाळ काढण्याची पाळी ठरलेली असते म्हणून, आणि कोणी काढला हे सर्वांना दिसते म्हणून. पोस्टग्रेसच्या समाजाने या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी साधल्या आहेत. एका मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे आधार दिला जातो आणि एखादे वाक्य चुकीचे ठरले तर ते केवळ नव्या ग्रंथात नव्हे, लागू पडत असेल तेथे मागच्या चालू आवृत्त्यांच्या ग्रंथांतही सुधारले जाते. जुन्या आवृत्तीच्या वाचकाकडे शुद्धिपत्र घेऊन जाणारा प्रकाशक छापील ग्रंथांच्या जगात विरळाच. डोनाल्ड कनुथ यांनी आपल्या ग्रंथांतील चूक दाखवणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देण्याची प्रथा पाडली. २५६ हा संगणकवाल्यांचा लाडका आकडा, म्हणून ही रक्कम. बहुतेकांनी तो धनादेश वटवण्याऐवजी चौकटीत लावून ठेवला. पोस्टग्रेसकडे धनादेश नाहीत. मात्र अलीकडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीच्या निवेदनाच्या शेवटी हातभार लावणाऱ्यांची नावे वर्णानुक्रमे दिलेली असतात, आणि त्यांत प्रोग्रॅम लिहिणारे, तपासणारे आणि दोष कळवणारे असा पंक्तिभेद नसतो.

प्रश्न उरतो तो त्या यादीबाहेरच्या जगाचा. एंटरप्रायझडीबी या पोस्टग्रेसवर व्यवसाय करणाऱ्या कंपनीचे कार्यालय पुण्यात आहे. संगणक शिकणारी मुले तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि त्यांतील पुष्कळजण याच ग्रंथाची पाने उघडून पहिली आज्ञा टंकतात. नोकरीच्या मुलाखतीत त्यांना प्रोग्रॅम किती लिहिले हे विचारले जाते. वाक्य कोणते सुधारले, खूण कोणती बसवली, हे विचारण्याची पद्धत नाही. महाविद्यालयातील प्रकल्पाच्या गुणांतही त्याला रकाना नाही. इंग्रजी किंवा मराठी घेऊन पदवीधर झालेल्या, शुद्धलेखनाची दृष्टी असलेल्या मुलामुलींना तर हे क्षेत्र आपल्यासाठी आहे याचीच वार्ता नसते. परीक्षेच्या प्रकल्पाला दहा गुण ठेवून, मुक्तस्रोत ग्रंथातील एक दुरुस्ती जाणत्यांकडून मान्य करून आणावी, अशी अट एखाद्या अभ्यास मंडळाने घालून पाहायला हरकत नाही. तिला वेगळी प्रयोगशाळा लागणार नाही, अनुदानही लागणार नाही.